चोर व्हायची पाळी कुणाची?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत गणित आणि संगणक शिकवते. लॅबमध्ये अकरा मशीन, त्यातली सहा चालू, नेट आलं तर आलं. आठवीला सायबर सुरक्षा शिकवायला एक प्रश्नमंजुषेचा खेळ आणला. दोन तासांत सगळ्यांना पैकीच्या पैकी! आणि त्याच आठवड्यात त्यातल्याच एकाने मोबाइल गेममधल्या फुकट डायमंडच्या नादात वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी कुणाला तरी सांगून टाकला. खेळातून हे खरंच शिकवता येतं का? मुलांना डिजिटल फॉरेन्सिक्सचंही, म्हणजे मोबाइल-संगणकातून गुन्ह्याचे पुरावे शोधण्याचंही, फार कुतूहल आहे, पण एक पालक म्हणाले, ‘पोरांना हॅकिंग नका शिकवू.’
– एक शिक्षिका, सांगोला

उत्तर : बाई, सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले तिथेच खेळ फसला. ‘ओटीपी सांगावा का?’ असं विचारलं तर पहिलीतलं पोरही ‘नाही’ म्हणेल. फसवणारा असं कधी विचारतो का? तो आधी घाई लावतो, मग लालूच दाखवतो किंवा भीती घालतो, आणि ओटीपी मागतो तेव्हा समोरच्याचं डोकं भलतीकडेच असतं.

मीही ही चूक केलीय. फॉरेन्सिक लॅबमधली नोकरी सोडून शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायला लागले, तेव्हा हौसेने सापशिडीचा पट रंगवला. ‘अनोळखी लिंक उघडली’ – साप. ‘पासवर्ड बदलला’ – शिडी. पोरं खूश. शेवटी एकाला विचारलं, तुला कशामुळे साप चावला रे? म्हणाला, ‘अठ्ठ्याण्णववर होता तो.’ फाशांच्या खेळात निर्णय फासा घेतो, मूल नाही.

म्हणून आता मी अर्ध्या वर्गाला चोर करते. मोबाइल नाही, नेट नाही, फक्त चिठ्ठी. चोरांनी तीन ओळींचा मेसेज लिहायचा, उरलेल्यांनी त्यातला घाई लावणारा किंवा घाबरवणारा शब्द शोधून त्याखाली रेघ ओढायची. मग पाळी बदलायची. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आज्जी, मीच बोलतोय. घसा बसलाय. पप्पांना सांगू नको.’ ना लिंक, ना ओटीपी, ना पैशांचा उल्लेख. वर्ग एकदम गप्प झाला. शेवटी एकाने ‘सांगू नको’खाली रेघ ओढली. हे माझ्या पटावरच्या एकाही सापात नव्हतं.

त्या पालकांचा मुद्दा मात्र उडवून लावू नका. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा : मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मोबाइलला, खात्याला हात लावायचा नाही. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोडफोड करायची खुमखुमी असलेल्यांसाठी ‘कॅप्चर द फ्लॅग’ नावाचे खेळ असतात. मुद्दाम बनवलेल्या कोड्यात एक ओळ लपवलेली असते, ती शोधायची. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘पिकोसीटीएफ’ २०१३पासून आहे आणि फुकट आहे. अडचण इंग्रजीची. नववी-दहावीची दोन-चार हौशी पोरं घेऊन तुम्ही स्वतः शेजारी बसलात तर जमेल.

आता फॉरेन्सिक्स. माझ्या लेखी यालाच खरी गंमत आहे, आणि सहा मशीनचीही गरज नाही. टेबलावर एक जुना, चालू मोबाइल ठेवा आणि सांगा, ‘हा पुरावा आहे.’ कुणीतरी लगेच उचलून गॅलरी उघडेलच. तिथेच शिट्टी वाजवायची, डाव संपला! चालू फोनमध्ये बोट फिरवलं तरी आतल्या नोंदी बदलतात. आधी स्क्रीनचा फोटो, वेळेची नोंद, मग फोन एअरप्लेन मोडवर. दुसऱ्या डावात पोरं हात मागे बांधून उभी राहतात, बघाच.

पुढचा प्रश्न : पुरावा मधल्या मध्ये बदलला नाही हे कोर्टाला कसं पटवायचं? त्यासाठी हॅश, म्हणजे फाइलचा अंगठा म्हणा. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला मजा येईल. पावतीवर १२०० लिहा. अंकांची बेरीज ३, हा तिचा अंगठा. माझ्याकडे एका मुलीने गुपचूप २१०० केलं. बेरीज तीनच! मग ठरवलं, पहिल्या अंकाला एकने गुणायचं, दुसऱ्याला दोनने, असं पुढे. १२०० चे आले ५, २१०० चे ४. चोरी पकडली. मी ऐटीत खडू ठेवला, तर मागच्या बाकावरून आवाज, ‘मॅडम, ३१०० चेपण पाचच येतात.’

त्या पोराने जे केलं, म्हणजे दोन वेगळ्या आकड्यांचा एकच अंगठा काढून दाखवला, त्याला कोलिजन म्हणतात. एमडी५ या जुन्या हॅशचं असंच पितळ २००४ साली उघडं पडलं, एसएचए-१ चं २०१७ साली. एसएचए-२५६ अजून टिकून आहे. फाइलमध्ये एक काना बदलला तरी त्याची चौसष्ट अक्षरं पार वेगळी येतात. आणि हे नुसतं लॅबमधलं कौतुक नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश लिहायला जागाच ठेवलेली आहे.

प्रश्न : नातवाने मला खरे-खोटे मेसेज ओळखायचा खेळ खेळायला लावला. दहापैकी चार चुकले. वय ७१. यूपीआय बंद करू का?
– एक आजोबा, चिपळूण

उत्तर : नका करू, काका. एवढंच धरून ठेवा : पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे ‘घ्यायला’ कुणी पिन टाकायला सांगितला, की फोन ठेवा. चुकून गेलेच पैसे, तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा. आणि आता नातवासाठी दहा मेसेज तुम्ही लिहा, पाच खरे, पाच खोटे. त्याचे किती चुकले ते मला कळवा.