खोटा राणीछाप घेताना

संग्रहासाठी सराफ्यात राणीच्या काळातले खोटे रुपये शोधायचे, तर आधी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा खिशात ठेवा. व्हिक्टोरियाचा खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. झिजेने थोडं कमी चालतं, पण १० च्या आसपास भरला तर आत बहुधा तांबं. मुलामा आधी कडेवर आणि राणीच्या गालावर उडतो, तिथे लालसर दिसतं.

शंका उरली तर वाटीभर पाणी काट्यावर ठेवून शून्य करा, नाणं दोऱ्याने बुडवा, तळाला टेकवू नका. नाण्याच्या वजनाला तेव्हा काट्यावर दिसलेल्या आकड्याने भागा. खऱ्याचं उत्तर साधारण १०.३, तांब्याचं ९ च्या खाली. शिसं-कथलाची भेसळ मात्र इथे फसवू शकते. तिचा आवाज बद्द येतो, कडेला ओतकामाचा सांधा सापडतो.

चुंबकाला चिकटला तर सोडा, तो हल्ली गिऱ्हाइकाला गंडवायला केलेला माल. आपल्याला त्या काळी बाजारात खपलेला खोटा हवा. सराफाने पारखताना मारलेला छिन्नीचा घाव असेल तर उत्तमच, भाव पाडून मागा आणि घ्या.

चिंच, पितांबरी लावू नका, उरलासुरला मुलामाही जाईल.