ओत-नाल्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलीला नोकरी कोण देईल?

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपली कन्या सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शहरातून कृष्णेकडे जाणाऱ्या जुन्या ओतांवर, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक ओढ्यांवर, तिने महाविद्यालयात प्रकल्प केला आणि तेव्हापासून शहरांचे पुराचे व पाण्याचे प्रश्न निसर्गाच्या साह्याने सोडवण्याचेच काम करायचे, त्यासाठी नेदरलँड्सला शिकायला जायचे, असे तिने मनाशी ठरवले आहे. हे काम झाडे लावण्यापलीकडे काही आहे का, त्यावर पोट भरते का आणि राज्यसेवेच्या परीक्षांची तयारी तिला सोडू द्यावी का, असे आपण विचारले आहे. ‘ओत-नाल्यांचा अभ्यास करणाऱ्या मुलीला नोकरी कोण देईल?’ हे आपले वाक्य मी शीर्षकासाठी घेतले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट कळले, तर बाकीची उत्तरे सोपी होतात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, म्हणजे 45 फुटांच्या धोक्याच्या पातळीपेक्षा बारा फूट वर. एवढा पूर शहरातले कोणतेही उद्यान किंवा तळे अडवू शकत नाही. तो कोयना आणि वारणेच्या पाणलोटातून येतो आणि त्याचा विचार धरणांतील विसर्ग आणि संपूर्ण खोरे डोळ्यांसमोर ठेवूनच करावा लागतो. मात्र नदी पात्रात असतानाही, नुसत्या दोन तासांच्या जोरदार पावसाने उपनगरांत गुडघाभर पाणी साचते, कारण ते पाणी वाहून नेणारे ओत कोठे बुजले आहेत, कोठे अरुंद गटारात कोंबले गेले आहेत, तर कोठे त्यांच्यावर प्लॉट पडले आहेत. या दुसऱ्या प्रकारच्या पाण्याचे नियोजन शहराच्या हातात असते. ओढे, पाणथळ जागा, पूरपट्ट्यातील मोकळी जमीन, माती आणि वनस्पती यांच्याकडून त्या पाण्याचा ठरावीक वाटा, मोजूनमापून, उचलून घ्यायचा, याला निसर्गाधारित उपाय म्हणतात. ‘मोजूनमापून’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्याशिवाय हे काम सुशोभीकरण होऊन बसते आणि आपल्याकडे ते अनेकदा तसे झालेही आहे.

मोजणे म्हणजे काय, ते एका छोट्या हिशेबाने दाखवतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे एक हेक्टरच्या वसाहतीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच लाख लिटर पाणी जमते. ती जमीन सगळी काँक्रीट आणि डांबराची असेल, तर त्यातले सुमारे साडेचार लाख लिटर पाणी थोड्याच वेळात गटाराकडे धावते. तीच जमीन गवताळ आणि सच्छिद्र असेल, तर साधारण दीड लाख लिटर, आणि तेही सावकाश. मधल्या तीन लाख लिटरला कोठे थांबवायचे, किती वेळ थांबवायचे, नंतर ते कोणत्या वाटेने सोडायचे आणि त्यासाठी किती जागा राखून ठेवायची, हे ठरवणे म्हणजे आपल्या कन्येला जे करायचे आहे ते काम. त्यात वनस्पतीशास्त्र आहे, परंतु त्याआधी जलविज्ञान आणि जलगतिकी, म्हणजे पाणी किती येते आणि ते कसे वाहते याचे शास्त्र, आहे.

आणि येथे तिला एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. चीनमधील ‘स्पंज सिटी’ची, म्हणजे पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेणाऱ्या शहरांची, चित्रे पाहून पाणी जिरवा, सगळीकडे शोषखड्डे करा, असा उत्साह विद्यार्थ्यांत फार दिसतो. सांगलीच्या भागातील काळी माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेणे जवळजवळ थांबवते. नदीकाठच्या पट्ट्यात भूजल पावसाळ्यात वर आलेले असते आणि क्षारपड जमिनीचे दुखणे तर आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी जिरवण्यापेक्षा तात्पुरते साठवणे आणि ओतांना त्यांची वाट मोकळी करून देणे, हे अधिक शहाणपणाचे ठरते. त्याच वेळी पुण्यासारख्या कठीण खडकाच्या शहरात, उथळ जलधर, म्हणजे भूजल धरून ठेवणारा खडकाचा थर, कोठे आहे हे शोधून तेथे नेमके पुनर्भरण करणे उपयोगी पडू शकते. केंद्र सरकारच्या अमृत 2.0 या शहरी पाणी योजनेखाली उथळ जलधर व्यवस्थापनाच्या प्रायोगिक कामासाठी जी दहा शहरे निवडली गेली, त्यांत पुणे आणि ठाणे आहेत. म्हणून भूगर्भशास्त्राची किमान ओळख तिने करून घ्यावीच.

या उपायांना मर्यादाही आहेत आणि त्या माहीत नसलेला सल्लागार धोकादायक असतो. स्पंज सिटी कार्यक्रमातील झेंगझोऊ शहरात 20 जुलै 2021 रोजी एका तासात 201.9 मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा दिवशी माती, तळी आणि खारफुटी मिळून सगळे पाणी पेलू शकत नाहीत. पर्जन्यवाहिन्या, पंप, पूर्वसूचना आणि लोकांना वेळेत हलवणे हे सगळेच लागते. चांगला अभियंता काँक्रीट आणि निसर्ग यांची वाटणी किती, हे आकड्यांनी सांगतो. कोणत्या तरी एका बाजूचा झेंडा खांद्यावर घेणाऱ्यांची संख्या दोन्हीकडे पुरेशी आहे.

दोन उदाहरणे तिने बारकाईने अभ्यासावीत. एक सिंगापूरचे. तेथे बिशान–आंग मो किओ उद्यानाच्या कडेने कलांग नदी 2.7 किलोमीटर लांबीच्या सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती. तो कालवा काढून 2012 पर्यंत तिला सुमारे 3.2 किलोमीटरची वळणदार वाट उद्यानातूनच करून देण्यात आली. पाणी चढले की काठचे हिरवळीचे पट्टे पूरमैदान होतात. फोटोंत हिरवळ दिसते, पण काम सुरू करण्यापूर्वी उद्यानातीलच एका छोट्या नाल्याच्या काठावर माती धरून ठेवण्याच्या दहा वेगवेगळ्या पद्धती प्रत्यक्ष करून पाहिल्या होत्या, हे क्वचितच कोणी सांगते.

दुसरे उदाहरण कोलकात्याचे आहे आणि आपल्याला ते अधिक जवळचे वाटेल, कारण त्याच्या केंद्रस्थानी एक सरकारी अभियंता आहे. ध्रुवज्योती घोष पश्चिम बंगाल सरकारच्या सेवेत होते. शहराचे सांडपाणी शेवटी जाते कोठे आणि त्याचे होते काय, याचा माग काढत ते शहराच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशात पोचले, तेव्हा त्यांना दिसले की तेथील मच्छीमार आणि शेतकरी ते सांडपाणी उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश आणि शेवाळाच्या साह्याने शुद्ध करून त्यावर मासे आणि भाजीपाला पिकवत आहेत. सुमारे 12,500 हेक्टरचा हा प्रदेश 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. आपल्याकडे सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न किती वर्षे चघळला जातो आहे, हे आपण जाणताच. तेथे कोलकात्याची नक्कल चालणार नाही, जागाही नाही. पण सांडपाण्याचा माग नकाशावर काढण्याची घोष यांची पद्धत कोणत्याही शहरात वापरता येते आणि त्यासाठी परदेशातील पदवी लागत नाही.

आता शिक्षणाचे. स्थापत्याची पदवी हा तिचा सर्वांत भक्कम आधार आहे. उरलेल्या काळात द्रवयांत्रिकी, जलविज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी हे विषय तिने परीक्षेपुरते करू नयेत. क्यूजीआयएस, एसडब्ल्यूएमएम आणि एचईसी-रास ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पहिल्यात नकाशे करता येतात, दुसऱ्यात शहरातील पावसाचे पाणी आणि तिसऱ्यात नदी-ओढ्याचा पूर मांडता येतो. आपल्याच प्रकल्पातील एखादा ओत तिने एसडब्ल्यूएमएममध्ये उभा केला, तर ते काम मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जड ठरेल. पदवीनंतर पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेतून आयआयटी मुंबईत पर्यावरण किंवा जलसंपदा, आयआयटी रुरकीत जलविज्ञान, किंवा दिल्ली-भोपाळच्या नियोजन व वास्तुकला संस्थांत पर्यावरण नियोजन असे मार्ग आहेत. भूदृश्य वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मात्र बहुतेक ठिकाणी वास्तुकलेची पदवी मागतात, तेव्हा तेथे प्रवेशाचे नियम आधी वाचावेत. परिसंस्था समजून घेण्यासाठी पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा अभ्यासक्रम अभियंत्यांनाही उपयोगी पडलेला आहे आणि भूजलाच्या प्रशिक्षणासाठी पुण्यातच अ‍ॅक्वाडॅम ही संस्था आहे.

नेदरलँड्समधील डेल्फ्टची आयएचई ही जलशिक्षणाची नावाजलेली संस्था आहे, यात शंका नाही. तेथील वर्गांत निरनिराळ्या देशांतील, काही वर्षे प्रत्यक्ष काम केलेले अभियंते मोठ्या संख्येने असतात. माझ्या मते तिने पदवीनंतर लगेच कर्ज काढून जाऊ नये. दोन-तीन वर्षे येथील चिखलात काम करून, स्वतःचा प्रश्न बरोबर घेऊन गेल्यास तेथील शिक्षणाचे चीज होते आणि शिष्यवृत्तीच्या अर्जातही लिहायला काही असते.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. ‘निसर्गाधारित उपाय अभियंता’ अशा नावाची जाहिरात तिला क्वचितच दिसेल. तिने पर्जन्यजल निचरा आराखडे, पूर-जोखीम अभ्यास, तलाव व नदी पुनरुज्जीवन, हवामान कृती आराखडा या नावांखाली शोध घ्यावा. मुंबईने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला, कृष्णा खोऱ्यातील पुरासाठी जागतिक बँकेच्या साह्याने राज्याचा कार्यक्रम आहे. अशा कामांना सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्थांत माणसे लागतात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअर क्षेत्राच्या मानाने कमी असतो आणि अनेक जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या कंत्राटी असतात. आपली काळजी त्या बाबतीत रास्त आहे.

म्हणूनच स्पर्धा परीक्षांबाबत मी आपल्याही आणि तिच्याही भूमिकेपासून थोडा वेगळा आहे. आपण दोघेही त्या परीक्षेला या आवडीच्या विरुद्ध टोकाला ठेवता. वास्तविक नगररचना विभागातील सहायक नगररचनाकार आणि मृद व जलसंधारण विभागातील जलसंधारण अधिकारी ही पदे स्थापत्य पदवीधरांना खुली असतात. एखादा ओत विकास आराखड्यात निळ्या रेषेने दाखवायचा, की त्याच्यावर निवासी विभागाचा पिवळा रंग चढवायचा, याची पहिली खूण नगररचनाकाराच्या टेबलावर होते आणि एकदा पिवळा रंग चढला की पुढे कितीही उत्तम सल्लागार आणला तरी त्याला खेळायला जागा उरत नाही. तिला खरोखर ओत वाचवायचे असतील, तर ते टेबल तिने कमी लेखू नये. आणि आपणही केवळ सुरक्षिततेसाठी तिला कोणतीही परीक्षा द्यायला लावू नये, ही दोन पदे डोळ्यांसमोर ठेवून द्यावी.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते, त्यामुळे यंदाच एकदा बसून अंदाज घेण्यास हरकत नाही. त्याआधी येत्या पावसाळ्यात तिने आपल्या प्रकल्पातील एका ओताचा पाठपुरावा करावा: त्याच्या मूळ रुंदीचे आकडे जुन्या भूमापन नकाशावरून काढावेत, आजची रुंदी टेपने मोजावी, जोरदार पावसाच्या दिवशी प्रत्येक मोरीपाशी पाणी किती चढते आणि किती वेळाने उतरते याची वेळेसह नोंद ठेवावी. ते निष्कर्ष दोन पानांत, मराठीत लिहून महापालिकेच्या नगररचना विभागाला रीतसर आवक क्रमांक घेऊन द्यावेत आणि त्याची एक प्रत मला पाठवावी. ती वाचल्यानंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी जलविज्ञान घ्यावे की नियोजन, याचा सल्ला मला अधिक नेमकेपणाने देता येईल.

आपला,
करिअर मार्गदर्शक