भाषा फुकट, मग पैसे कशाचे?

प्रिय मित्रा,

तुझ्या नव्या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल असा करून देणारा प्रोग्राम) चालू झाला, आता नोकरी सोडून कंपनी काढू का, असं तू विचारलंस. आधी एक सांग: पैसे कोण देणार? 'प्रोग्रामर देतील' हे उत्तर मी धरणार नाही. ही जमात फुकट साधनांवर वाढली आहे, आणि एखादं साधन पटलं नाही की स्वतःच नवं लिहायला बसते. तूही तेच केलंस ना?

पूर्वी असं नव्हतं. १९८३ मध्ये बोरलँड कंपनीने पास्कल भाषेचा कंपायलर, टर्बो पास्कल, ४९.९५ डॉलरला आणलं, तेव्हा इतर कंपायलरना शेकडो डॉलर पडत. पण नुसत्या स्वस्ताईने ते खपलं नाही. एडिटर (कोड लिहायची जागा) आणि कंपायलर एकाच प्रोग्रामात होते, चूक सापडली की कर्सर थेट त्या जागी जाई. लोकांनी पैसे मोजले ते त्या वाचलेल्या वेळेचे.

मग १९८७ मध्ये जीसीसी हा फुकट कंपायलर आला. कंपायलरच फुकट, म्हणजे धंदा बुडालाच म्हणायचा. पण १९८९ मध्ये निघालेल्या सिग्नस या कंपनीने याच फुकट कंपायलरवर धंदा चालवला. नवी चिप काढणाऱ्याला तिच्यासाठी कंपायलर लागतोच, नाहीतर चिप घेणार कोण? तो तयार करून देण्याचे आणि सांभाळण्याचे पैसे सिग्नस घेई. पुढे जेटब्रेन्स कंपनीने कोटलिन ही आपली भाषा खुली ठेवली आणि आयडीई (कोड लिहिणं, तपासणं, चालवणं एकाच जागी करून देणारं साधन) विकत राहिली.

तेव्हा भाषा खुशाल फुकट दे. विकायचं तिथे, जिथे कुणाचं काम अडलंय: बिल्डची, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होण्याची, वाट बघत अर्धा दिवस घालवणारी टीम, जुना कोड नव्या आवृत्तीवर न्यायला घाबरणारी बँक. (अनोळखी लोकांशी बोलणं तुझ्या जिवावर येतं, ठाऊक आहे. तरी बोलावं लागेल.)

एडिटर मात्र स्वतः लिहू नकोस. २०१६ पासून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आहे, म्हणजे भाषेची माहिती देणाऱ्या प्रोग्रामाने (सर्व्हरने) एडिटरशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. एक सर्व्हर नीट लिहिलास की बरेचसे एडिटर तो वापरू शकतात. वाचलेली ताकद एरर मेसेजवर लाव. नवखा माणूस तुझं ऑप्टिमायझेशन (कोड वेगाने चालावा म्हणून केलेली खटपट) बघत नाही, पहिल्या संध्याकाळी तो एरर मेसेजच वाचत बसतो.

पुढच्या पत्रात भाषेचं व्याकरण पाठवू नकोस. काम अडलेल्या दोन-चार टीमना भेट, त्या आज त्या अडचणीवर किती खर्च करतात ते विचार, आणि तेवढंच लिही. नोकरीचं त्यानंतर बघू.