आजोबांच्या जुन्या फोटोतला रेल्वेचा डबा कुठला आणि केव्हाचा, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की देवगडच्या घरी आजोबांचा डब्यासमोर उभा असलेला फोटो आहे, घरचे सगळे तो बोरीबंदरचा म्हणतात, आणि आता तो साफ करून, रंगीत करून भिंतीवर लावायचाय. आधी हात आवरा. फोटो कोणाकडेही देऊ नका. आणि दिलाच, तर खालची कड कापू देऊ नका. डब्याची ओळख खाली असते, वर नसते. हे मी इतक्या तिडकीने का सांगतोय ते ऐका.

आमचे पणजोबा सावंतवाडीचे, सुतार. फोटोत सात माणसं, मागे लाकडी डबा, पणजोबा उजवीकडून दुसरे, हातात गुण्या. मी शाळेत असताना थोरल्या काकांनी तो मोठा करायला दिला. फ्रेमवाल्याने विचारलं, खालचं ठेवायचं का? काका म्हणाले, "खालचा ता रूळबिळ कित्याक होया? माणसा दिसली म्हणजे झाला." चाकं, बफर (डब्याच्या टोकाचे, धक्का झेलणारे दट्टे), रूळ, सगळं कात्रीखाली गेलं. उरली माणसं आणि मागच्या फळ्या. मग घरात ठरून गेलं की पणजोबा मुंबईत, परळच्या रेल्वे कारखान्यात होते. कोकणी माणूस कामासाठी घराबाहेर पडला म्हणजे बोटीने मुंबईलाच गेला, असं आपण गृहीत धरतो. घाट चढून वर गेलेल्यांची आठवण कोणी ठेवत नाही.

पुढे एका प्रदर्शनात हाच कापलेला फोटो लागला आणि खाली चिठ्ठी होती, '१८५३ सालच्या पहिल्या गाडीचा डबा'. १८५३ साली आमच्या पणजोबांचा जन्मसुद्धा झाला नव्हता! मी तिथल्या माणसाला हे सांगितलं. चिठ्ठी शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहिली. ते मला आजही सलतं.

आत्या वारल्यावर तिच्या ट्रंकेत त्याच फोटोची न कापलेली प्रत सापडली. डबा थोडा तिरका उभा आहे, त्यामुळे डावीकडे त्याचं टोक दिसतं. त्या टोकाला मधोमध एकच बफर, त्यालाच डबे जोडायचा हूक. मी ट्रंकेपाशीच बसून राहिलो. आपल्याकडे जुन्या ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांवरच्या, डब्याला दोन बाजूंना दोन बफर आणि मधे डबे जोडायची स्क्रू कपलिंगची साखळी असते. मधोमध एकच बफर म्हणजे मीटरगेज, एक मीटर अंतराचे रूळ. मुंबईत तेव्हाच्या दोन रेल्वे कंपन्या, जीआयपी आणि बीबीसीआय, दोन्हींच्या लाइनी ब्रॉडगेज. म्हणजे फोटो मुंबईचा नाही. सावंतवाडीहून आंबोली घाट चढलात की बेळगाव, आणि बेळगावहून मीटरगेजने हुबळी, जिथे सदर्न मराठा रेल्वेचा मोठा कारखाना होता. डबे लाकडी, म्हणजे सुताराला काम भरपूर. पुठ्ठ्यामागे स्टुडिओचा अर्धा पुसलेला शिक्का आहे, त्यात 'हुबळी' वाचता येतं.

काकांनी मानलं नाही. ते मला सावंतवाडी स्टेशनवर घेऊन गेले आणि मुंबईहून आलेल्या लाल गाडीचा शेवटचा डबा दाखवला. "हय पण मधीच आसा मा?" आहे, मधेच आहे. पण तो एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा डबा, ते डबे आपल्याकडे आले २००० सालच्या आसपास. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोला तो दाखला लागू होत नाही. काका गेले, वाद तसाच राहिला. आता चुलतभाऊ तोच धागा पकडून बसलाय, आणि कापलेली फ्रेम अजून त्यांच्या माजघरात आहे.

तुमच्या फोटोचं बघा. बफर दिसत नसेल तर रूळ बघा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर, म्हणजे साडेपाच फुटी माणूस आडवा मावेल एवढं. मीटरगेजला तोच माणूस कमरेच्या थोडा वरपर्यंतच मावेल. रुळाजवळ उभ्या माणसाशी ताडून बघा. देवगडची माणसं फोंडा घाटाने कोल्हापूरला जात, आणि मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ पासून थेट १९७१ च्या सुमारापर्यंत मीटरगेजच होती. मला तरी आधी कोल्हापूरचाच संशय येतो.

सालासाठी छत आणि पुन्हा खालचा भाग बघा. छतावर टोपणांसारखे उंचवटे असतील तर तेलाचे किंवा गॅसचे दिवे. खाली बॅटरीची पेटी आणि आसाकडून डायनॅमोला गेलेला पट्टा असेल तर वीज आलेली. कंपनीची अक्षरं दिसली तर मर्यादा मिळतात: सदर्न मराठा १९०८ मध्ये मद्रास रेल्वेत मिळून 'एम अँड एसएम' झाली, आणि १९५१ मध्ये हीही नावं गेली, जीआयपीही गेली. 'थर्ड', म्हणजे तिसरा वर्ग, लिहिलेलं असेल तर १९७४ च्या आधीचा. पण ही मर्यादा फोटोची. डबा त्याहून वीस-तीस वर्षं जुना असू शकतो. बांधणीचं नेमकं साल फोटोवरून कोणी छातीठोक सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका.

मालडबा असेल तर अक्षरांवर जाऊच नका. वॅगन देशभर फिरत. अक्षरं मालक सांगतात, जागा नाही.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. मधोमध बफर नॅरोगेजलाही, म्हणजे मीटरगेजहून अरुंद रुळांवरच्या गाडीलाही, असतो. माथेरानची गाडी तशी, बार्शी लाइटही तशी, आणि बार्शी लाइट मिरजेला यायची. तेव्हा एकच बफर दिसला म्हणून लगेच मीटरगेज म्हणू नका, रुळाचं माप घ्याच. माझ्या फोटोत रुळाचं माप मीटरगेजचंच येतं, मी तीनदा घेतलंय.

रंगीत करायचा प्रश्न विचारलात. नको. रंग भरणारा अंदाजाने भरतो, आणि पुढची पिढी तोच डब्याचा खरा रंग मानते. आहे तसा, चारी कडांसकट स्कॅन करा, पुठ्ठ्याची मागची बाजूही करा, आणि डब्याच्या टोकाचा तुकडा मोठा करून इथे टाका. मी बघतो.