रक्ताचा कॅन्सर लेसरने ओळखायच्या कामात पीएचडी, येनाला यावं का?

तुझा प्रश्न असा की एमएस्सी फिजिक्स झालंय, रामन स्पेक्ट्रोस्कोपीने (पेशीवर लेसर टाकून, परत येणाऱ्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून आत काय आहे ते ओळखायची पद्धत) ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर ओळखायचं काम करायचंय, तर जर्मनीत येनाला यावं का आणि निघायच्या आधी काय शिकावं. मी इथेच या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाव बरोबर निवडलंयस. लेन्सवाले झाइस, काचवाले शॉट इथलेच, लायब्निझची फोटॉनिक्स म्हणजे प्रकाशतंत्राची संशोधन इन्स्टिट्यूट आहे, विद्यापीठाचं हॉस्पिटलही आहे. पण लेसर बघून हुरळून जाऊ नकोस, निम्मा दिवस रक्त धुण्यात जातो. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ईडीटीएने रक्त गोठत नाही) सॅम्पल येतं, एका मायक्रोलिटरला लाल पेशी 40-50 लाख आणि आपल्याला हव्यात त्या पांढऱ्या निरोगी माणसात 4 ते 11 हजार, म्हणजे आधी लाल फोडून काढायच्या, थोड्या जरी राहिल्या तरी 532 नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरखाली हिमोग्लोबिनचाच सिग्नल सगळीकडे. 785 चा लेसर घेतला तर साधी काचेची स्लाइड स्वतःच चमकते, कॅल्शियम फ्लोराइडची लागते, ती महाग, त्यामुळे जपून धुऊन परत वापरतो. त्यात पेशीवर पडलेल्या कोटीभर फोटॉनमधला (प्रकाशकणांमधला) एखादाच रंग बदलून परत येतो, तोच कामाचा!

आणि कॅन्सरच्या पेशीच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे त्या प्रकाशाच्या आलेखात, नवीन पीक (शिखर) वगैरे काही उगवत नाही बरं का. आलेखात 1003 ला दिसणारं फिनाइलॲलानिन (प्रोटीनचा एक घटक) निरोगी आणि आजारी दोन्हीकडे असतं, फरक असतो तो डीएनए, प्रोटीन, चरबी यांच्या प्रमाणात आणि तोही बारीक, म्हणून मशीन लर्निंग लागतं. खरी गोम तिथे आहे. पेपरात 95 टक्के ॲक्युरसी दिसली की पहिला प्रश्न विचार, पेशंट किती होते? एकाच पेशंटच्या काही पेशी ट्रेनिंगला आणि काही टेस्टला टाकल्या तर मॉडेल आजार नाही, तो माणूस ओळखायला शिकतं. पेशंट अख्खाच बाजूला ठेवायला हवा. तसंच निरोगी सॅम्पल मार्चमध्ये आणि आजारी जूनमध्ये मोजली तर मॉडेल महिना ओळखतं, म्हणून मशीन सरकलेलं नाही ना हे तपासायला आम्ही रोज सकाळी सिलिकॉनच्या तुकड्याची 520 ची रेघ जागेवर आहे का ते बघूनच सुरू करतो.

निदान आजही बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री (रंग लावलेल्या पेशी एकेक करून लेसरसमोरून नेऊन मोजणं) आणि जेनेटिक टेस्टवरच होतं, त्यामुळे 'पुढच्या वर्षी मशीन हॉस्पिटलात' असं कोणी सांगितलं तर सोडून दे. पण पेशीला रंग, अँटिबॉडी काहीही न लावता झटपट पहिली चाळणी म्हणून या कामात दम आहे, मला तरी वाटतं. इंटरव्ह्यूत एवढं नक्की विचार की सॅम्पल कुठल्या वॉर्डातून येणार आणि एथिक्सची परवानगी हातात आहे का. नसेल तर पहिलं वर्ष वाट बघण्यातच जाईल.

पीएचडी म्हणजे इथे नोकरीच, ई-13 या सरकारी पगारश्रेणीचा करार असतो पण बहुतेकदा अर्ध्या किंवा 65 टक्के वेळेचा आणि पगाराचा, एकट्याचं भागतं. लॅबमध्ये इंग्रजी चालतं पण हॉस्पिटलच्या टेक्निशियन बाईंशी जर्मनच बोलावं लागतं, ए2 (जर्मनची दुसरी पायरी) तरी करून ये, पायथन तर हवंच. आणि माणसाच्या रक्ताचं काम आहे, हिपॅटायटिस बी चे डोस आत्ताच सुरू कर, तिसरा सहा महिन्यांनी असतो.