वाचक विचारतात : कृत्रिम चामडं, त्याची पारख आणि त्याचा एचएस कोड

प्रश्न : रेक्झिन, पीव्हीसी, पीयू, मायक्रोफायबर, बाँडेड लेदर ही सगळी एकाच मालाची नावं आहेत का? हातात तुकडा असेल तर ओळखायचं कसं?

नाही, हे वेगवेगळे माल आहेत. रेक्झिन हे मुळात नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेल्या इंग्लिश कापडाचं व्यापारी नाव. आपल्याकडे ते सरसकट सगळ्या नकली चामड्याला चिकटलं. आज त्या नावाने मिळतं ते बहुतेक पीव्हीसी असतं.

तुकडा धारदार ब्लेडने सरळ कापा आणि कापलेली कड दहापट भिंगाखाली धरा. पीव्हीसीत कापडावर जाडसर प्लॅस्टिक दिसतं, बहुतेकदा मधे फोमचा थर असतो. पीयूत, म्हणजे पॉलियुरेथेनमध्ये, वरची कातडी फार पातळ असते आणि एकूण माल त्याच जाडीच्या पीव्हीसीपेक्षा हलका लागतो. मायक्रोफायबरमध्ये विणीचे उभे-आडवे धागे दिसतच नाहीत. अतिसूक्ष्म तंतूंची गुंतवळ आणि तिच्यात मुरलेलं पीयू दिसतं. बाँडेड लेदरमध्ये पाठीमागे चामड्याचा भुगा दाबून केलेला करडा-तपकिरी थर असतो. तो नखाने खरवडला की भुसभुशीत निघतो.

पीव्हीसीची खात्री तांब्याच्या तारेने होते. तार आधी लाल होईपर्यंत तापवून स्वच्छ करा, गरम असतानाच तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे, म्हणजे जवळजवळ नक्की पीव्हीसी. धूर विषारी असतो, म्हणून तुकडा चिमूटभरच घ्या आणि उघड्या हवेत करा. नुसता जळका वास घेऊन ठरवू नका. केस जळल्यासारखा वास बाँडेड लेदरलाही येतो, कारण त्यात खरे चामड्याचे तंतू असतात.

प्रश्न : पुरवठादाराने इन्व्हॉइसवर ‘पीयू लेदर’ लिहून ५९०३.२० कोड दिला. कस्टम्सचं म्हणणं ३९२१.१३. माल तोच, मग कोड दोन कसे?

एचएसमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत, ‘पीयू लेदर’ या नावाचं शीर्षकच नाही. लेदर हा शब्द तिथे प्राण्याच्या कातड्यासाठी राखलेला आहे. तुमचा माल म्हणजे कापड आणि प्लॅस्टिक यांची जोडी. त्या जोडीत कापड नेमकं काय काम करतं, यावर सगळं ठरतं.

५९०३ म्हणजे प्लॅस्टिकचा लेप दिलेलं किंवा प्लॅस्टिक जोडलेलं कापड. पीव्हीसीसाठी ५९०३.१०, पॉलियुरेथेनसाठी ५९०३.२०. पण ५९व्या प्रकरणाच्या दुसऱ्या टिपेत अपवाद आहेत आणि बहुतेक वाद तिथेच होतात. लेप नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर माल ५९०३ मध्ये येत नाही. लेपामुळे रंग बदलला, हे ‘दिसणं’ धरत नाहीत. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकवताना तडकत असेल, तर तो सहसा ३९व्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या प्रकरणात जातो. कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलं गेलं असेल आणि तो लेप डोळ्यांना दिसत असेल, तरीही ३९.

तुमच्या मालाला लागू होऊ शकतो तो पुढचा अपवाद : पेशीदार, म्हणजे फोमसारख्या बारीक छिद्रांच्या प्लॅस्टिकला कापड फक्त मजबुतीसाठी जोडलं असेल, तर तो माल प्लॅस्टिकचा. ‘फक्त मजबुतीसाठी’ म्हणजे काय, याचं उत्तर एचएसच्या स्पष्टीकरण टिपांमध्ये आहे. कापड एकाच बाजूला आहे आणि ते साधं, कोरं, ब्लीच केलेलं किंवा एकरंगी रंगवलेलं आहे, तर ते निव्वळ मजबुती धरलं जातं. त्यावर छपाई, नक्षी किंवा ब्रश करून काढलेली लव असेल, तर कापडाला स्वतःचं काम आहे असं मानतात आणि माल ५९०३ कडे येतो.

म्हणून मागची बाजू नीट पाहा. डीएमएफ (पीयू विरघळवणारं द्रावक) आणि पाण्याच्या हौदात गोठवलेलं, ज्याला वेट प्रोसेस म्हणतात ते पीयू पेशीदार असतं. त्याच्या मागे साधं एकरंगी होजिअरी कापड असेल, तर कस्टम्सचं ३९२१.१३ बरोबर आहे. मागे लवदार कापड असेल, तर ५९०३.२० साठी तुमची बाजू भक्कम आहे. लेप घट्ट, बिनछिद्राचा असेल तर हा अपवाद लागूच होत नाही.

पुढच्या ऑर्डरआधी पुरवठादाराकडून हे लेखी घ्या : कापड विणलेलं, होजिअरी की नॉनवोव्हन (न विणता तंतू एकत्र जोडून केलेलं), तंतू कोणता, लव किंवा छपाई आहे का, लेप एका बाजूला की दोन्ही, पेशीदार की घट्ट, कापडाचं आणि एकूण मालाचं दर चौरस मीटर वजन, जाडी. सोबत त्याच लॉटचा नमुना ठेवा. शंका उरली, तर जिथे सोय आहे तिथे कस्टम्सकडून अग्रिम निर्णय, म्हणजे माल येण्याआधीच कोडचा निर्णय, मागा. सहा आकड्यांपुढचे आकडे देशागणिक बदलतात, ते त्या देशाच्या दरपत्रकातच पाहावेत.

प्रश्न : मायक्रोफायबर लेदरही ५९०३ मध्येच का?

सहसा नाही. ५९व्या प्रकरणाची पहिलीच टीप ‘कापड’ म्हणजे काय ते ठरवून देते आणि त्यात नॉनवोव्हन नाही. नॉनवोव्हनवरचं पीयू ५६०३ मध्ये जातं आणि पुढचा कोड तंतूवर आणि दर चौरस मीटर वजनावर ठरतो. दोन्ही बाजूंनी झाकलेला माल आणि निव्वळ मजबुतीचं नॉनवोव्हन हे अपवाद इथेही आहेत.

प्रश्न : याच मालाच्या हँडबॅग आणि बूट आम्ही पाठवतो. कच्च्या मालाचा कोड पुढे चालतो का?

चालत नाही. हँडबॅगसाठी ४२०२.२२, त्यात बाहेरून प्लॅस्टिकची शीट आणि कापड दोन्ही बसतात. बुटांसाठी ६४व्या प्रकरणाची तिसरी टीप सांगते की डोळ्यांना दिसणारा प्लॅस्टिकचा बाहेरचा थर असलेलं कापड हे प्लॅस्टिकच. म्हणजे रोलमध्ये ५९०३ चं कापड असलेला माल बुटाचा अप्पर (वरचा भाग) झाला की प्लॅस्टिक ठरतो. सोल रबर किंवा प्लॅस्टिकचा असेल, तर ६४०२. स्वेडसारख्या मालावर असा थर दिसत नसेल, तर अप्पर कापडाचा, ६४०४.

बाँडेड लेदरचं प्रकरण याहून वेगळं आहे. ४११५ मध्ये, म्हणजे चामड्याच्या तंतूंपासून केलेल्या चामड्याच्या शीर्षकात, बसणाऱ्या बाँडेड लेदरची हँडबॅग खऱ्या चामड्याच्या शेजारी, ४२०२.२१ मध्ये येते. त्याच मालाचा अप्पर असलेला बूट मात्र ६४०३ मध्ये, म्हणजे चामड्याच्या अप्परच्या बुटांत, येत नाही, ६४०५.१० मध्ये जातो, कारण ६४व्या प्रकरणात ‘लेदर’मध्ये ४११५ धरलेलं नाही.

प्रश्न : पीयूची पर्स वापरलीच नाही, कपाटात होती. तरी पापुद्रे का सुटले?

हे जलविघटन. स्वस्त पीयूत पॉलिएस्टर पॉलिऑल (पीयू बनवण्याचा एक घटक) असतं. त्यातले एस्टरचे बंध हवेतल्या ओलाव्याने तुटतात आणि उष्णतेत हे लवकर घडतं. म्हणून न वापरलेली वस्तूही वाचत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणं तर वाईटच, ओल आतच कोंडते. सुती पिशवीत, हवा खेळेल अशी ठेवा. आत कोरा कागद भरा, वर्तमानपत्राची शाई पीयूवर उतरते. पापुद्रे सुटल्यावर वरून रंग लावण्यात पैसे घालू नका. खालचा थरच तुटलेला असतो, नवा लेप त्याच्यासकट निघतो. टिकाऊ माल हवा असेल, तर पॉलिकार्बोनेट पॉलिऑलचं पीयू मागा आणि ७० अंश तापमान, ९५ टक्के आर्द्रतेत किती आठवडे टिकलं याचा अहवाल पाहा.

प्रश्न : पीव्हीसीच्या बॅगा शिवणीवर फाटतात आणि चिकटवलेली कडही सुटते.

टाके जवळ पडत आहेत. कृत्रिम चामड्यात सुईचं भोक बुजत नाही, त्यामुळे दाट टाक्यांनी टपाल तिकिटासारखी फाडायची रेघ तयार होते. टाका ३ ते ४ मिलिमीटर ठेवा, दोरा पॉलिएस्टरचा घ्या, शिलाई मशीनला टेफ्लॉनचा किंवा चाकाचा फूट लावा. टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा.

कड सुटते ती गोंदामुळे. साध्या निओप्रीन (कृत्रिम रबराच्या) गोंदात पीव्हीसीतला प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारा पदार्थ, उतरतो आणि गोंद मऊ पडतो. हार्डनर घातलेला पीयू गोंद वापरा.

बॅगा युरोपीय संघात पाठवणार असाल तर प्लॅस्टिसायझर कोणता, हेही तपासा. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी आणि डीआयबीपी या चार थॅलेट प्रकारच्या प्लॅस्टिसायझरांची बेरीज प्लॅस्टिसायझर घातलेल्या भागाच्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत लागते. ७ जुलै २०२० पासून हा नियम लागू आहे. चाचणी रोलवरच करून घ्या, बॅगा शिवून झाल्यावर नव्हे.