'चायोतेरो'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: मेक्सिकोच्या वृत्तपत्रांविषयी वाचताना 'चायोते' आणि 'चायोतेरो' हे शब्द वारंवार येतात. त्यांच्यासाठी आपले 'पाकीट' आणि 'पाकीट पत्रकार' चालतील का?

जुन्या मजकुरात बेलाशक चालतील. सरकारी खात्याने त्या खात्याच्या बातम्या देणाऱ्या वार्ताहराच्या हाती गुपचूप ठेवलेली रोकड म्हणजे चायोते, आणि ती घेणारा तो चायोतेरो. मूळ शब्द एका वेलभाजीचा, आपल्या दक्षिणेत चौचौ म्हणतात तिचा. तो मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आला. १९६०च्या दशकात त्लास्काला राज्यात राष्ट्राध्यक्ष दियास ओर्दास यांचा कार्यक्रम चालू असताना चायोतेच्या वेलाआड पत्रकारांना पैसे वाटले गेले, अशी याची व्युत्पत्ती सांगतात. ती ऐकीव कथा म्हणूनच घ्यावी. याच अर्थाचा दुसरा शब्द 'एंबूते', म्हणजे आत कोंबलेले.

गोंधळ होतो तो 'गासेतिया'शी. हा बातमीच्या साच्यात छापलेला, पण पैसे मोजून घातलेला मजकूर. यात व्यवहार वृत्तपत्राशी होतो, म्हणून इथे 'पेड न्यूज' म्हणावे. 'पाकीट' म्हटले तर दोष उगाच वार्ताहराच्या माथी जातो.

तिसरा प्रकार सरकारी जाहिरातींचा, आणि खरी मेख तिथेच आहे. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांच्या सरकारने टीकाकार 'प्रोसेसो' साप्ताहिकाच्या जाहिराती तोडल्या. 'मला बडवावे म्हणून मी पैसे देत नाही,' हे त्यांचे समर्थन. वृत्तपत्रांच्या छपाईला लागणाऱ्या कागदाच्या नाड्याही १९३५पासून 'पिप्सा' या सरकारी कंपनीच्या हाती होत्या. अशा वेळी पाकीट अगदीच किरकोळ.

२०१८च्या सरकारी प्रसिद्धीविषयक कायद्याला विरोधकांनी 'चायोते कायदा' म्हटले, ते या जाहिरातींवरून. त्याचे 'पाकीट कायदा' केले तर वाचक भलतीकडेच जाईल. 'चायोते' तसाच ठेवून पुढे 'सरकारी जाहिरातींची खिरापत' असा खुलासा जोडावा.

आजच्या राजकीय भांडणात 'चायोतेरो' ही निव्वळ शिवी आहे. पैसे घेतल्याचा पुरावा नसतानाही न पटणाऱ्या पत्रकाराला ती हासडली जाते. तिथे 'विकाऊ' नेमका बसतो. 'लाचखोर' लिहिले तर अनुवादक स्वतःच आरोप सिद्ध करून मोकळा होतो.

उच्चारात 'च' चहातला, चमच्यातला नव्हे. आणि 'ते', 'टे' नाही.